नूरुद्दीनभाऊंच्या पेट्या

मूल गावच्या बाजारात नूरुद्दीनभाऊंचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगराच्या फाळापासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळं त्यांच्या हातून गेलेलं. पण २००४ च्या मार्चमध्ये वनरक्षक बापूराव आले ते वेगळंच काम घेऊन. वाघांच्या मोजणीसाठी जंगलात झाडांना चार कॅमेरे बांधले होते. समोरून काही हललं की फोटो आपोआप निघायचा. त्यातले दोन महिनाभरात चोरीला गेले.

"साखळी तोडून नेले, भाऊ. उरलेल्या दोघांले अशी पेटी बनवा का चोरानं हात टेकले पाह्यजे."

नूरुद्दीनभाऊ इरेला पेटले. जाड पत्रा कापला, काचेपुरतं भोक ठेवलं, झाडाला कसायचे नट पेटीच्या आत घेतले. कुलपावर लोखंडी टोपी जोडली, पहार घुसायला जागाच नको.

पंधरा दिवसांनी बापूराव परत आले. दोन्ही पेट्या शाबूत, पण भोकांत कोणीतरी चिखल गच्च भरला होता.

भाऊंना राहवेना. बापूरावांच्या मोटरसायकलवर मागे बसून ते स्वतःच गेले. कुलूप बोटांनी चाचपलं. त्यावर एक ओरखडा नव्हता.

"हा चोर नाई, बापूराव. चोर पह्यले कुलपाले हात घालते. ह्याले कॅमेरा नाई पाह्यजे, त्याचा डोळा बंद पाह्यजे."

जवळच पिपरटोला गावची गुणाबाई मोहाची फुलं वेचत होती. बापूरावांनी विचारलं, तर तिनं मान फिरवली. नूरुद्दीनभाऊ तिच्यापासून जरा दूर, उकिडवे बसले.

"बाई, पेटी मीच बनवली. माही काही चूक झाली असंन तर सांगा."

गुणाबाईनं ओंजळीतली फुलं टोपलीत टाकली. मग म्हणाली, "पेटी नाई चुकली, भाऊ. जागा चुकली. आमी बाया पहाटीच इकडं येतो, फुलं वेचाले बी आन् बाहेर बसाले बी. आंगावर लखकन उजेड पडते. आमचे फोटो कोण पाह्यते, काऊन पाह्यते, कोणी सांगतलं का आमाले?"

भाऊंना घरची बायको खुर्शीदा आणि लेक फरहा आठवल्या. आपल्या न्हाणीसमोर कोणी असा डोळा बसवला असता तर? आणि तो फुटू नये म्हणून आपण जीव तोडून राबलो होतो!

"मंग कुठी लावाव?" त्यांनी विचारलं.

गुणाबाई उठली आणि त्यांना नाल्याच्या वळणावर घेऊन गेली. ओल्या रेतीत वाघाचे पंजे उमटले होते. "इथी लावा. ह्या बाजूनं बाया येत नाई."

वनखात्याच्या साहेबांना विचारून कॅमेरे तिथं हलवले. भाऊंनी भोकापुढं पत्र्याची आडोशाची पट्टीही जोडली, म्हणजे कॅमेऱ्याला नाल्यापलीकडचं काही दिसायला नको. जुन्या रोलमधले बायांचे फोटो बापूरावांनी निगेटिव्हसकट गुणाबाईच्या हाती दिले. तिनं ते सगळ्यांसमोर चुलीत टाकले.

महिन्याभरानं नवे फोटो गावात आले. वाघीण, मागे तीन पिल्लं. बाया फोटो हातोहात फिरवत राहिल्या. त्या आठवड्यात वनचौकीच्या पायरीवर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक हरवलेला कॅमेरा मिळाला. कोणी ठेवला, हे बापूरावांनी विचारलं नाही. दुसरा मात्र कधीच सापडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दहा पेट्या लावायच्या होत्या. त्या दिवशी गुणाबाई आणि गावच्या दोघी झाडं दाखवत पुढं चालत होत्या, आणि नट-पान्यांची पिशवी खांद्याला लावून नूरुद्दीनभाऊ त्यांच्या मागून.