साकवावरून परतलेली पालखी

आमची वाडी अकरा घरांची, दोन गावांच्या मधे वहाळाकाठी वसलेली. ती स्वतः गाव नव्हती. शिमग्यात खालच्या गावच्या देवीची पालखी आमच्याकडे घरोघर यायची, म्हणून आम्ही खालच्या गावचे.

मी आठ वर्षांची असताना सरकारी मोजणीदार आला. त्याने आजोबांना विचारलं, "पाणी कुठलं पिता?" विहीर वरच्या गावची होती, आजोबांनी तेच सांगितलं. त्याने आमची वाडी वरच्या गावात लिहून टाकली.

त्या वर्षी माझा भाऊ तापातून वाचला होता. देवीची ओटी आपल्या अंगणात भरीन, असा आईचा नवस होता. तिने अंगण सारवलं. ढोल जवळ आले. पालखी वहाळ ओलांडायच्या लाकडी साकवापाशी थांबली आणि मागे फिरली. खांदा द्यायला माझा सख्खा मामा होता.

आई ओटीचं ताट घेऊन धावली. "अरे, माझ्या दारात नाही येणार?"

"सरकारला सांगितलंत ना, वरचे म्हणून? मग बोलवा वरची पालखी," पालखीपुढे चालणारा खालच्या गावचा मानकरी गावकर म्हणाला.

"बाय, बाजूला हो," मामा म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शिमगाच तो, थट्टा चालली असेल, असं मला वाटलं. ढोल लांब गेले तरी मी हसत होते. मग आईचं तोंड बघितलं.

वरच्या गावची पालखीही आली नाही. नवसाचा नारळ आईने आढ्याला टांगून ठेवला. भावाला जरा कणकण आली, की ती आधी त्या नारळाकडे बघायची, मग त्याच्या कपाळाला हात लावायची.