आईचं नाव, सगळं लहान अक्षरांत

सिस्टरबाईंचा राग किरनापुर आणि लालबर्रा या दोन तहसिलींना तोंडपाठ होता. लसीकरणाच्या दिवशी एका सरपंचाला त्यांनी त्याच्याच ओट्यावरून उठवलं होतं. ओटा सावलीत होता, लेकरं घेतलेल्या बाया उन्हात उभ्या होत्या आणि सरपंच निवांत चहा पीत बसला होता. अडतीस वर्षं त्या ए.एन.एम., म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सरकारी नर्स होत्या. लशीचा डबा खांद्याला अडकवून आधी पायी, मग सायकलने, शेवटची दहा वर्षं स्कुटीने फिरल्या, शेकडो बाळंतपणं केली आणि मागच्या वर्षी निवृत्त होऊन बालाघाटच्या घरी येऊन बसल्या. राग काही निवृत्त झाला नाही. फक्त दोन तहसिलींना पुरणारा तो राग आता एकट्या नवऱ्याच्या, गजेंद्रभाऊंच्या वाट्याला आला.

मंगळवारी दुपारी साडेतीनला सिस्टरबाईंनी टीव्ही लावला. पडद्यावर मोठ्या हिंदी अक्षरांत आजची तारीख देऊन लिहिलं होतं की संध्याकाळी सहापर्यंत हा रेकॉर्डर इंटरनेटला जोडा, नाहीतर साठवलेली सगळी रेकॉर्डिंग पुसली जातील. खाली ओके लिहिलं होतं.

"अजी! हे केव्हापासून येऊन राह्यलं?"

गजेंद्रभाऊ वर्तमानपत्रातून वर पाहत म्हणाले, "ते व्हय? झाले असतील पंधरा दिवस. मागं रातभर लाइट गेलती ना, तवापासून. ओके दाबलं का जाते."

"ओके दाबलं का जाते! पंधरा दिवस तुमी दाबून राह्यले, अन् मले सांगतलं नाही?"

"मले वाटलं जाहिरात हाय."

सिस्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगा पियुष दिवाळीत आला तेव्हा त्याने हा रेकॉर्डर आणला होता, वायफाय बसवलं होतं आणि दोन्ही जोडून दिलं होतं. टीव्हीवरचं काहीही त्यात साठवून ठेवता येई. गजेंद्रभाऊंनी त्यात क्रिकेटच्या मॅचा भरल्या होत्या. सिस्टरबाईंचं एकच होतं, बावीस मिनिटांचं. निवृत्तीच्या आधी एका चॅनलची माणसं जंगलातल्या गावांपर्यंत त्यांच्या मागे आली होती. नाल्याच्या काठावर दगडावर बसवून त्यांनी बाईंना बोलतं केलं होतं. त्या बावीस मिनिटांतली नऊ मिनिटं सिस्टरबाई एकट्या बोलत होत्या, आणि मधे कोणी एकदाही त्यांना तोडलं नव्हतं. घरात, दवाखान्यात, मीटिंगमध्ये, आयुष्यात कुठेच त्यांना सलग नऊ मिनिटं बोलू दिलेलं नव्हतं. कार्यक्रम परत एकदा लागला तेव्हा पियुषने तो पकडून ठेवला. चॅनलकडे प्रत मागितली तर पत्राला उत्तर आलं नाही. जगात ती नऊ मिनिटं आता या काळ्या डब्यात होती, आणि यादीत त्यांच्या कार्यक्रमापुढे कुलपाचं चित्र आलं होतं. रिमोट कितीही दाबला तरी उघडेना.

त्यांनी पियुषला फोन लावला. बंद. तो मालगाडीचा लोको पायलट, गाडीवर चढला की फोन बंद करून ठेवणार. उतरणार कधी, ते गाडीलाच माहीत.

"चिठ्ठी लिहून गेलता ना तो," गजेंद्रभाऊ म्हणाले.

चिठ्ठी टीव्हीमागच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेली होती. पियुषला मराठीपेक्षा हिंदी सोपी, म्हणून हिंदीतच लिहिलं होतं: वाईफाई का पासवर्ड, मम्मी का नाम, सब स्मॉल में, फिर मेरा जनम-साल.

"हे तं सोपं हाय," गजेंद्रभाऊ खुश झाले. "तुहंच नाव. टाक."

सोपं! सिस्टरबाईंनी रिमोट हातात घेतला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चौकोन आला. एकेका अक्षरावर बाण दाबत दाबत जायचं. jyotsna, आणि मग १९९१. रेकॉर्डरने थोडा वेळ गोल गोल फिरवलं आणि सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे.

ज्योत्स्ना. हे नाव नीट लिहिलेलं त्यांनी स्वतःखेरीज कोणाच्या हातचं पाहिलं नव्हतं. त्यामुळे पियुषने ते कसं लिहिलं असेल याची काय खात्री? त्यांनी मधे एक ए घातला. चूक. वाय काढला. चूक. टी काढला, सरळ जोसना केलं. तेही चूक. पाचव्या वेळी गजेंद्रभाऊ म्हणाले की शेवटी एक जास्तीचा ए लावून पाहा, आणि त्यांनी लावला. रेकॉर्डरने जाहीर केलं की पाच वेळा चूक झाली, आता अर्ध्या तासाने या.

"तुमचं आयकलं तिथंच चुकलं माहं!"

चार वाजले होते. त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग एक यंत्र म्हणालं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा असता तर उचलला असता, एवढं सिस्टरबाई त्या यंत्राला तीनदा म्हणाल्या. अकराव्या मिनिटाला खऱ्या माणसाचा आवाज आला.

"नमस्कार, मैं समीक्षा बोल रही हूँ। क्या मेरी बात गजेंद्र जी से हो रही है?"

"आवाज से मैं गजेंद्र लगती हूँ क्या?"

"मैडम, कनेक्शन गजेंद्र जी के नाम पर है। उनसे बात करवा दीजिए।"

"रिकॉर्डिंग मेरी है। आदमी उसमें एक सेकंद नहीं दिखता।"

पोरगी नियमाला पक्की होती. सिस्टरबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात कोंबला, त्याने फक्त "हौ, मीच गजेंद्र" एवढं म्हटलं आणि त्यांनी फोन परत हिसकावून घेतला. समीक्षाने मग सगळं विचारलं. डबा बंद करून चालू केला का? केला. वायफायचे दिवे हिरवे आहेत का? आहेत. वायफायच्या मागचं बारीक भोक टाचणीने दाबलं का? नाही दाबलं आणि दाबणार नाही, कारण ते दाबलं की लाइनच जाते आणि दोन दिवसांनी माणूस येतो, हे बसवणाऱ्याने बजावून ठेवलं होतं. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. तो लावला. त्या गल्लीत मोबाइलच्या नेटची एकच कांडी येई. जोडणीची गाडी नऊ टक्क्यांवर गेली आणि तिथेच मेली.

"मैडम, छह बजे की तारीख सिस्टम से तय है। हम बदल नहीं सकते।"

"तो सिस्टम को फोन दो।"

मग ती पोरगी, बिचारी, आवाज खाली करून म्हणाली, "मैडम, पासवर्ड ही याद कर लीजिए। किसका नाम है?"

"मेरा," सिस्टरबाई ओरडल्या. "मेरा ही नाम है!"

साडेचारला कुलूप सुटलं. गजेंद्रभाऊंना तोवर एक युक्ती सुचली होती. त्यांनी कपाटातून कागदांची फाइल काढून आणली. पोराने नाव कुठल्या तरी कागदावर बघूनच टाकलं असेल, असं त्यांचं म्हणणं. वनविभागाच्या डेपोत लाकडाची मापं लिहून आयुष्य गेलेला माणूस, कागदावर त्याचा फार विश्वास. ते एकेक कागद काढून वाचू लागले आणि सिस्टरबाई रिमोट घेऊन बसल्या.

एका कार्डावर एक स्पेलिंग होतं. दुसऱ्यावर दुसरं. पासबुकावर मधेच एक एच आला होता, गॅसच्या पुस्तकावर एस गायब होता. एका ओळखपत्रावर तर त्या चक्क ज्योती झाल्या होत्या. प्रत्येक कागदाबरोबर त्यांचा पारा चढत गेला. त्यांनी अडतीस वर्षं नोंदवह्यांत हजारो लेकरांची नावं लिहिली होती, आईबापाला दोनदा विचारून, काना-मात्रा न चुकवता. आणि त्यांचं नाव मात्र ज्याला जसं सुचलं तसं त्याने लिहिलं होतं. कोणीही विचारलं नव्हतं की बाई, कसं लिहू?

"दिलंच कायले असलं नाव, ज्याले कोणाले लिवताच येत नाही?"

"चांगलं हाय ना नाव," गजेंद्रभाऊ फाइलीत डोकं घालून म्हणाले. "मीच तं ठेवलं."

ठेवलं होतं खरं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी. ताटात तांदूळ पसरले होते आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं होतं. तांदळातसुद्धा त्याने ते चुकवलं होतं. जोत्सना. शेजारच्या करवल्या हसल्या होत्या आणि एकोणीस वर्षांची नवरी खाली मान घालून ते चुकलेलं नाव बघत बसली होती.

पुन्हा चार स्पेलिंगं चुकली. आता एकच उरलं. तेही गेलं तर परत अर्धा तास कुलूप, आणि घड्याळात पाच पस्तीस. अर्ध्या तासाने सहा वाजून गेलेले असणार. सिस्टरबाईंनी रिमोट खाली ठेवला.

"आना ती फाइल इकडं."

त्यांनी फाइल मांडीवर उलटी पाडली. सगळ्यात तळाचा कागद वर आला. पिवळी पडलेली मॅट्रिकची मार्कशीट, तिरोडीजवळच्या माहेरच्या शाळेतली. तिला टाचणीने एक टाइप केलेला कागद लावलेला होता. निवृत्तीच्या वेळी मार्कशीटवरचं नाव आणि नोकरीतलं नाव एकाच बाईचं आहे, असं लिहून द्यावं लागलं होतं. तो कागद पियुषनेच टाइप केला होता, या इथेच बसून. टाइप करता करता त्याने विचारलं होतं, मम्मी, तुले कोणतं आवडते? त्या चिडून म्हणाल्या होत्या, आता काय करायचं हाय आवडून, टाइप कर चुपचाप.

सिस्टरबाई मार्कशीटकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रिमोट उचलला. ए. एन. ए. एन. डी. आय. एक अक्षर दाबायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा दिवसभरात लागला नव्हता. मग १९९१.

गोल फिरलं. थांबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. आपला रेकॉर्डर इंटरनेटला जोडला गेला आहे. यादीतलं कुलूप निघून गेलं.

"झालं!" गजेंद्रभाऊंनी टाळी वाजवली. मग चष्मा वर करून पडद्यावर अजून दिसत असलेला पासवर्ड वाचला. "आनंदी? पियुषनं वहिनीचं नाव काहून टाकलं?"

वहिनी म्हणजे त्यांची थोरली भावजय, केव्हाच वारलेली.

सिस्टरबाईंनी मार्कशीटवर बोट ठेवलं.

"वहिनीचं नाही. माहं हाय."

"तुहं नाव तं ज्योत्स्ना हाय."

"ते तुमी ठेवलं. घरात एक आनंदी पयलेच होती, दुसरी चालत नवती, म्हून माहं काढून घेतलं. एका घरात दोन आनंदी मावत नवत्या!"

गजेंद्रभाऊ खरोखरच आठवू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना ते आठवत नाही. लबाडी नव्हती त्यात, आणि म्हणूनच सिस्टरबाईंना जास्त राग आला.

"मंग इतक्या वर्षांत सांगतलं काहून नाही तू?"

"पत्रिकेवर छापलं होतं!" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "तुमच्या नावाच्या बाजूले छापलं होतं, चिरंजीव गजेंद्र अन् बाजूले आनंदी! ती पत्रिका तुमी वाटत फिरले गावोगाव. वहिनी गेली तवा मले वाटलं, आता तरी कोणी म्हणन, का बाई, तुहं तू घे परत. कोणी म्हटलं नाही. तुमी मले काय म्हणता? अवं. आयकलं का. पियुषची माय. गाव मले सिस्टरबाई म्हणते. ज्योत्स्ना तरी कोण म्हणते? ते बी फकस्त कागदावर, अन् ते बी चुकीचं! पोराले एकदा टाइप करतांनी दिसलं तं त्यानं ध्यानात ठेवलं. तुमाले चव्वेचाळीस वर्षं भेटली."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्याचाही त्यांना संताप आला. त्यांनी पदराने डोळे पुसले, यादीतून आपला कार्यक्रम काढला, लावला आणि आवाज भरपूर वाढवला. नाल्याकाठच्या दगडावर बसलेल्या सिस्टरबाई पुरात लशी कशा वाचवल्या ते सांगू लागल्या. मग घरातल्या सिस्टरबाई उठल्या आणि रिमोट हातात घेऊनच स्वयंपाकघरात निघाल्या.

"अवं, बस ना. पाह्य ना, तुहाच कार्यक्रम," गजेंद्रभाऊ म्हणाले.

त्या दारात थांबल्या. मागे वळल्या नाहीत. "मी पाह्यला हाय. तुमी पाहा. अन् चहा पाह्यजे असन तं मले हाक मारा. अवं म्हणून नाही. नावानं."

"या वयात? बाजूचे लोक आयकतील."

"आयकू द्या."

त्या आत गेल्या. गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही. गजेंद्रभाऊ खुर्चीत अवघडून बसले. टीव्हीवर त्यांची बायको बोलत होती आणि रिमोट आत गेला होता, आवाज कमी करायची सोय नव्हती. त्यांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं, उठून ती लावून घेतली, घसा खाकरला.

"आनंदी," ते पुटपुटले.

"आयकू नाही आलं," आतून उत्तर आलं.