डोक्याला हात लावू नका

"डोक्याला हात लावू नका!" मी ओरडले, पण समोरच्या कमलबाईने योगेशचं डोकं छातीशी धरलंच.

सकाळची वेळ होती. गॅसवर दूध, माझ्या हातात सांडशी. दारात आठ-दहा बायका, पदर नाकापर्यंत ओढून एका सुरात रडत होत्या. मध्ये खुर्चीत माझा मुलगा. डोकं सफाचट, कपाळ सुजून खाली उतरलेलं, दोन्ही डोळे बंद. बायकांना वाटलं, रडून रडून सुजलेत.

"पोरा, बाप गेला रे तुझा!" कमलबाईने हंबरडा फोडला.

योगेशला डोळे उघडता येईनात. त्याने तिच्या पदरातूनच विचारलं, "कधी? आई, कधी गेले?"

त्याचे वडील त्या वेळी मोरीत आंघोळ करत होते. पहाटेच्या गाडीने आले, तेव्हा योगेश गोळी घेऊन झोपला होता. त्यामुळे बाप गेल्याची बातमी त्यालाही कमलबाईकडूनच कळली.

मी चौथी शिकलेली बाई आहे. हे लिहिते आहे कारण आमच्या गुजरातेतल्या नवागामकडे आता बरीच पोरं केस लावून घेतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. तुमच्या घरी कुणी हे करणार असेल, तर काय काय होतं ते आधी माहीत असावं. केसांचं डॉक्टर सांगतात. बाकीचं मी सांगते.

योगेश कापड मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. वय एकोणतीस. त्याचे केस वरून नाही, दोन्ही कानशिलांवरून गेले. कल्ल्यांच्या वर जिथं केस पुढं येऊन वळतात, तिथं नुसतं कातडं. समोरून काही कळत नसे. तो बाजूने बघायचा. फोनमध्ये स्वतःच्या कानशिलांचे फोटोच फोटो. मी म्हटलं, "अरे, लग्न काय बाजूने लागणार आहे? अंतरपाट समोर धरतात."

कारण लग्न ठरलं होतं. कडोदऱ्याचे साहेबराव लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, मास्तर आहेत, त्यांची मुलगी रूपाली. साखरपुड्याला महिना होता. बघायला गेलो तेव्हा योगेशने केस पुढं ओढून बसवले होते आणि पंखा बंद करायला लावला होता. घाम पुसत बसला, पण वारा येऊ दिला नाही.

मग एक दिवस दुकानात एक कॉलेजची मुलगी त्याला म्हणाली, "काका, वो वाली साडी दिखाना." घरी येऊन त्याने सांगितलं. मी हसले. तो जेवला नाही. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण हसण्यावारी जाणार नाही.

डॉक्टर गुजराती, तरुण, डोक्यावर गच्च केस. मी आधी तेच विचारलं, "हे तुमचे का लावलेले?"

"माजी, मारा पोताना छे," तो म्हणाला. स्वतःचेच.

त्याने योगेशच्या कानशिलाला भिंग लावलं आणि म्हणाला, "टेंपोरल रिसेशन." म्हणजे कानशिलावरचे केस मागं सरकणं. आजार नाही, पण गेलेले केस आपोआप परतही येत नाहीत. इलाज एफयूई. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक काढायचे आणि पुढं लावायचे. जिथून काढतात तो डोनर एरिया. काढलेल्या प्रत्येक रोपाला ग्राफ्ट म्हणतात. रोप हा शब्द माझा. लहानपणी धुळ्याकडे मी कांद्याची लावणी केली आहे, मला तेवढ्यात समजलं. गादीवाफ्यातून काढायचं आणि रानात लावायचं.

डॉक्टर म्हणाला, "कानशिलाचे केस बारीक असतात आणि कातड्याला चिकटून, खाली झुकून उगवतात. तिथं जाड केस उभे लावले तर झाडू दिसेल. म्हणून मी मानेवरचे, कानामागचे बारीक केस घेईन." हे मला पटलं. लावणीतही वाकडं रोप लावलं की मग ओळ बघवत नाही. तुम्ही डॉक्टरकडे जाल तेव्हा हे विचारा. जो नुसता "हो जाएगा" म्हणेल त्याच्याकडून उठून या.

पुढचं वाक्य ऐकून मात्र मी योगेशकडे बघितलं. "आधी पूर्ण डोकं साफ करावं लागेल."

घरी नानांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. ते ताटावरून उठले. "बाप जित्ता शे आनि पोरगा डोकं भादरस?" आमच्यात बाप मेल्यावर पोरगा डोकं करतो, हे मला ते समजावून सांगू लागले, जशी काही मी विलायतेहून आले होते. योगेश म्हणाला, "नाना, ते मेडिकल आहे." नाना म्हणाले, "मग मीबी मेडिकल मरस." पिशवी उचलली आणि बारडोलीला बहिणीकडे निघून गेले. जाताना कुणाशी बोलले नाहीत. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

ऑपरेशनला पूर्ण दिवस गेला. वेटिंग रूममध्ये सगळे पुरुष, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक शेठ बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "माजी, तमारे कराववानुं छे?" मी म्हटलं, "माझे अजून विंचरायला पुरतात."

लोकल अॅनेस्थेशिया देतात, म्हणजे डोकंच तेवढं बधिर करतात, माणूस जागा असतो. ती सुई मात्र दुखते. योगेशचा पहिला आवाज बाहेरपर्यंत आला. त्यानंतर आला नाही. दुपारी डोक्यात शेकडो भोकं घेऊन त्याने खिचडी खाल्ली. संध्याकाळी बाहेर आला. कानशिलांवर ठिपके ठिपके, खसखस पेरल्यासारखे.

नर्सने मला सगळं सांगितलं. ग्राफ्ट धरेपर्यंत हात लावायचा नाही, खाजवायचं नाही, वाकायचं नाही. टेकून बसल्यासारखं झोपायचं. मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहायचं. "धक्का लागला तर ग्राफ्ट निघून येईल आणि परत बसणार नाही," ती म्हणाली. मी दोन रात्री उशाशी बसून फवारे मारले. लहानपणी आजारी पडायचा तेव्हाही एवढं केलं नव्हतं.

मग सूज खाली तोंडावर उतरली. डॉक्टरने आधी सांगितलं होतं की डोक्यात टोचलेलं पाणी कपाळावरून डोळ्यांवर येईल आणि जाईल. सांगितलेलं असूनही मी फोन केला. "नॉर्मल छे माजी," तो म्हणाला. त्याला नॉर्मल. मला माझ्या पोराचं तोंड ओळखू येईना.

त्या संध्याकाळी टोपी घासते म्हणून योगेश टोपी काढून गॅलरीत बसला. समोरच्या गॅलरीत कमलबाई वाळलेले कपडे काढत होती. तिने बघितलं: भादरलेलं डोकं, सुजलेले डोळे, आणि नाना कुठं दिसत नाहीत. मला एका शब्दाने विचारलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण अशा घरी कुणी विचारत नाही. डोकं बघतात आणि समजून जातात.

समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रीच भावपूर्ण श्रद्धांजली पडली. फोटो आमच्या पुतण्याच्या लग्नातला. नानांच्या हातात जिलबी.

सकाळी दारावर आल्या त्या अशा. कमलबाईच्या मिठीत योगेश "आई, हळू धर म्हणून सांग तिला" म्हणत होता आणि मी सांडशी घेऊन मध्ये घुसत होते. बायका म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर परिणाम झाला." एकीने माझ्या कपाळाकडे बघून दुसरीला कोपर मारलं. कुंकू जिथल्या तिथं होतं. तिसरी म्हणाली, "जिजी, रड गं, मोकळी हो." मी म्हटलं, "दूध उतू जाईल."

तेवढ्यात मोरीचं दार उघडलं. नाना पंचा गुंडाळून बाहेर आले. "कोन मरना व?"

कमलबाईने योगेशचं डोकं सोडलं ते एकदम, तापलेलं भांडं सोडावं तसं. मग ती नानांकडे बघून खरंच रडायला लागली, आणि रडता रडता शिव्या द्यायला लागली. "मुडद्या, सांगून जाता येत नाही?"

समाजाचे भीमराव आबा पुरुषांना घेऊन जिन्यात थांबले होते. ते आत आले. त्यांनी नानांकडे बघितलं, मग योगेशकडे. म्हणाले, "शेंडी कुठंय? शेंडी न ठेवता कुणी डोकं केलं याचं?" माणूस जिवंत आहे यापेक्षा विधी चुकला याचं त्यांना जास्त लागलं.

आणि आबांच्या मागं साहेबराव उभे होते. बरोबर रूपाली. ग्रुप त्यांनीही वाचला होता.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. कानशिलं, मानेचे केस, बारडोली. साहेबरावांचा चेहरा उतरत गेला. "डोक्याचं लपवलं," ते म्हणाले. "अजून काय काय लपवलंय?"

"एवढंच," मी म्हटलं. "बाकी जे आहे ते समोर बसलंय. बघून घ्या."

समोर बसलेला असा दिसत होता की त्याला कुणी मुलगी दिली नसती. योगेश खाली मान घालू लागला, तर मीच ओरडले, "वाकू नकोस!" लग्न मोडलं, असं मी मनात धरून टाकलं.

रूपाली पुढं आली. "आधी रक्त बघा," ती म्हणाली. डाव्या कानशिलातून बारीक ओघळ आला होता. तिने खुर्चीजवळचा फवारा उचलला, योगेशच्या फोनवरून डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन ग्राफ्ट गेले, बाकी जागेवर आहेत. मग तिने योगेशला विचारलं, "माझ्यासाठी केलं?"

"नाही," तो म्हणाला. "मलाच बघवत नव्हतं."

"बरं झालं. माझ्यासाठी केलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतंत."

साहेबराव म्हणाले, "रूपा, घरी जाऊन बोलू."

"पप्पा, ज्यांच्यासाठी आलो ते तिकडं जेवायला बसलेत."

खरंच बसले होते. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायकांनी पिठलं-भाकरी करून आणली होती. नाना ती खात होते. "बहिणीकडे डाळीत साखर टाकतात," ते साहेबरावांना म्हणाले. "या, बसा. गरम आहे." साहेबराव थोडा वेळ उभे राहिले. मग चप्पल काढली.

पुढचं थोडक्यात सांगते. आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात. मग काही आठवड्यांत लावलेले केसही गळतात, त्याला शॉक लॉस म्हणतात. मूळ आत राहतं, वरचा केस जातो. हे आधी सांगितलेलं असूनही योगेश उशीवरचे केस गोळा करून बसला होता. घाबरू नका. लग्नात त्याचं डोकं आधीपेक्षा वाईट होतं. फेटा सैल बांधला आणि हळद भुवयांच्या वर जाऊ दिली नाही, मी स्वतः उभी राहिले. चार-पाच महिन्यांनी केस उगवायला लागले. आता दुकानात त्याला भैया म्हणतात. डाव्या कानशिलावर तीळभर जागा रिकामी आहे. ती कमलबाईची. डॉक्टर भरून देतो म्हणाला, रूपालीने नको सांगितलं.

डॉक्टरचे, नर्सचे आभार. पिठलं आणणाऱ्यांचेही. आणि तुम्हाला एकच सांगणं: डोकं भादरायच्या आधी शेजारी सांगा. सगळ्यांना सांगायला लाज वाटत असेल तर जी सगळ्यात मोठ्याने रडते तिला सांगा.

नानांनी मला नंतर विचारलं, "मी खरंच गेलो असतो तर रडली असतीस का?"

"आधी दूध उतरवलं असतं," मी म्हटलं.

यंदा संक्रांतीनंतर कमलबाई गेली. तिच्या मुलाचं भादरलेलं डोकं दिसलं तेव्हा मी आधी आत जाऊन बघून आले. मग दारात बसून रडले. आवाज कमलबाईएवढा निघाला नाही. योगेश तिच्या खांदेकऱ्यांत होता. नाना पुढं चालत होते.

नाना अजून आहेत.