दोन मतांचं सभागृह

आमच्या मजल्यावर बातमी कुणाला सांगावी लागलीच नाही. विधानसभेचं अधिवेशन चालू, दुपारची वेळ, आणि आमचा टीव्ही बंद... एवढं पुरे झालं. समोरच्या हंसाबेन कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "नीलाबेन, टीवी क्यूँ बंद है?" मी आतल्या पलंगाकडे बोट केलं. त्या उंबऱ्यातच मटकन खाली बसल्या. एरवी याच बाईने कितीदा तक्रार केली होती, की तुमच्याकडचे मंत्री माझ्या घरात येऊन ओरडतात म्हणून! वन्संना जाऊन आता दीड महिना होत आला. अधिवेशन संपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी लिहायला बसलेय. रडगाणं मात्र गाणार नाही. गायलंच तर त्या जिथे असतील तिथून उठून हरकतीचा मुद्दा घेतील, अशी माझी खात्री आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, प्रमिला. लग्न केलं नाही. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, ऑपरेटर म्हणून. गिरगावातली जागा सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरात आलो तेव्हा त्या आमच्याबरोबर आल्या, आणि आमचे हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. मला मूलबाळ नाही. नणंद-भावजय एका घरात म्हटलं की लोक कान टवकारून बसतात. त्यांची निराशा होऊ नये इतपत आम्ही भांडायचोही, पण आमची भांडणं सभागृहाच्या नियमांप्रमाणे व्हायची. वन्संनी जन्मभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, त्यात मध्ये चकार शब्द काढायची सोय नव्हती. ते सगळं साठलेलं निवृत्तीनंतर टीव्हीसमोर बाहेर पडलं. त्या यंत्रापायी डावा कान गेलेला, म्हणून आवाज मोठा.

अधिवेशन लागलं की घराचं वेळापत्रक बदलायचं. सकाळची पूजा प्रश्नोत्तराच्या तासाआधी आटोपलीच पाहिजे. अर्थसंकल्पाच्या दिवशी इस्त्रीची साडी. हिवाळी अधिवेशन नागपूरला, म्हणून त्या दिवसांत घरात संत्री. शाळांच्या फीचं विधेयक कुठे अडलंय, रिक्षांच्या परवान्यावर कोण काय बोललं, सगळं त्यांच्या जिभेवर. पक्षाचं सोयरसुतक नाही. चांगलं बोलला तर "शाबास रे पठ्ठ्या", आणि विधेयक न वाचता उठला की "बस खाली, मेल्या!" मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा होता. मला वाटायचं, तिकडे विधानभवनातल्या भांडणात आपण कशाला शिरायचं? पण जेवायला बसलं तरी सुटका नसे. "पोळ्या पटलावर ठेव," म्हणायच्या. मी काही कुरकुर केली की "हा विषय राखून ठेवण्यात येत आहे." आणि भाजी ठरायची ती मतदानाने. "दुधी करण्यास जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." मग स्वतःच "होय!" "जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." मी घसा फोडून "नाही!" एकास एक. पण अध्यक्षही त्याच ना! "होयचे बहुमत, होयचे बहुमत. दुधी संमत." आणि वेताच्या खुर्चीच्या हातावर थाप. पुढेपुढे तर समोरच्या दारातून हंसाबेनही उगाच "होय!" म्हणून ओरडायला लागल्या. त्यांना मराठीतला तेवढा एकच शब्द झोकात येतो. मग काय, दुधी खा.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते वन्सं न्हाणीघरात पडेपर्यंत. डोक्याला मार लागला, शुद्ध गेली, मेंदूत रक्त साकळलं. हंसाबेनच्या मुलाने गाडीत घालून रुग्णालयात नेलं. ऑपरेशन लगेच करायला हवं म्हणाले, रक्त लागेल म्हणाले. मी हात पुढे केला. माझं रक्त घेतलं त्यांनी, काही विचारलं नाही. मग आतून एक बाई आल्या, "पेशंटचं कोण आहे?"

"मी आहे."

"कोण तुम्ही?"

"वहिनी. म्हणजे त्यांच्या भावाची बायको."

"मग भावाला बोलवा."

"ते वारले."

"रक्ताचं कोणी नाही का?"

काय सांगू तुम्हाला... त्या क्षणी माझ्या दंडावर कापसाचा बोळा तसाच चिकटलेला होता. रक्ताचं कोणी नाही का म्हणे! वर्षानुवर्षं एका ताटात नाही तरी एका घरात जेवलो, त्यांची औषधं, त्यांचा चष्मा, त्यांचे राग सगळे मला पाठ, आणि सहीला मी चालत नाही. चालणार कोण, तर माझे धाकटे दीर, इंदूरला राहणारे. ते सज्जन आहेत, पण बहिणीला पाहून त्यांना किती वर्षं झाली होती ते त्यांनाच ठाऊक. त्यांचा फोन लागेना. अख्खी सकाळ मी त्या बाकावर बसून फोन लावत होते आणि आत वन्सं तशाच पडून होत्या. शेवटी दुपारी दीर सापडले, फोनवरून हो म्हणाले, आणि ऑपरेशन झालं. वन्सं वाचल्या. उशीर आणखी झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चालू टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला. मग म्हणाल्या, "नीला, माझ्या वेळेला तूच पाहिजेस. दुसरं कुणी बोललेलं मला चालणार नाही." देवाला नवस बोलावा तसं त्या बोलल्या, पण देवाकडे नाही, सभागृहाकडे पाहून. आणि योग असा, की पुढच्याच अधिवेशनात रुग्णालयांसंबंधीचं एक विधेयक आलं. त्यात रुग्णाचे नातेवाईक म्हणजे कोण, तर पती, पत्नी, आईवडील, मुलं, भाऊ, बहीण. संपलं. वन्सं खुर्चीत ताठ बसल्या. "यात तू नाहीस," म्हणाल्या. त्यांना पुढे एवढंच जोडून हवं होतं, की किंवा रुग्णाने स्वतः नेमलेली व्यक्ती. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून सूचना मागवल्या, आणि आमच्या बाई कामाला लागल्या.

तेव्हा त्यांची नोकरी कामी आली. समितीतल्या एकेका आमदाराला फोन, आणि तो त्यांचा एक्स्चेंजमधला आवाज! "नमस्कार, मुंबईहून बोलतेय, साहेबांना जोडा, कृपया लाइनवर राहा." पलीकडच्या स्वीय सहायकाला कळायचंच नाही की हे कुठल्या खात्यातून आलंय. तो मुकाट जोडून द्यायचा. मग या सुरू. "साहेब, रक्त द्यायला रक्ताचं नातं लागत नाही, मग सही द्यायला कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की भाजी चिरतानाही माझ्या तोंडून निघायचं. कुणी "बघू" म्हणायचे, कुणी "निवेदन पाठवा" म्हणायचे, एकाने तर "आजी, जप करा आता" असा सल्ला दिला. त्याचं भाषण लागलं की त्या मुद्दाम आवाज बंद करायच्या. एक आमदारबाई मात्र विरोधी बाकावरच्या होत्या, त्यांनी निम्म्यात न तोडता ऐकून घेतलं आणि उलट दोन प्रश्न विचारले. वन्सं त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

समितीचा अहवाल आला, आणि त्यात आमचं काही नव्हतं. तोच पती-पत्नी-आईवडिलांचा पाढा. मी म्हटलं, "जाऊ द्या हो वन्सं. आपण आपलं केलं." माझ्यावर अशा काही खेकसल्या! "अजून दुसरं वाचन व्हायचंय! त्यात एकेका कलमाला दुरुस्ती येऊ शकते. मैदान सोडून तू जा, दुधी कर." पुन्हा फोन. आमदारबाईंनी दुरुस्ती द्यायचं कबूल केलं, आणि वन्संनी मागे लागून प्रेक्षक गॅलरीचे दोन पासही मिळवले. आम्ही गेलो. वन्संनी अर्थसंकल्पाची इस्त्रीची साडी काढली होती. हंसाबेनच्या मुलाची गाडी दहिसरच्या नाक्यावर अडकली तेव्हा त्या चालत जायची भाषा करत होत्या, हातात काठी असताना.

गॅलरीत बसण्यापूर्वी आम्हाला बजावून सांगितलं, टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मी वन्संना कोपराने ढोसलं, "ऐकलंत ना?" मला भीती त्यांची होती. खाली कामकाज चाललेलं. टीव्हीवर एवढं मोठं दिसणारं सभागृह प्रत्यक्षात बेताचंच वाटलं मला. आमदारबाई उठल्या. पहिल्यांदा नियम, कलमं, मला काही कळेना, आणि मग त्या म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, रक्त द्यायला रक्ताचं नातं लागत नाही, मग सही द्यायला कशाला?" शब्द न् शब्द तोच! आमच्या स्वयंपाकघरातला! बाकं वाजली, आणि बाकं वाजवणाऱ्यांत दोन्हीकडचे होते. मी वन्संकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, हनुवटी वर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंत्री उठले आणि दुरुस्ती स्वीकारतो म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे..."

आणि मी म्हटलं! होय, मीच! इतकी वर्षं दुधी-पडवळावर "नाही" ओरडत आलेली मी, त्या शांत गॅलरीत, बेंबीच्या देठापासून "होय!" म्हणून ओरडले. खालची मंडळी माना वर करून बघू लागली. सुरक्षेवरची बाई धावत आली आणि आम्हा दोघींना बाहेर काढलं. जिन्यावर ती मला झापत होती आणि वन्सं काठी टेकत, हसत हसत उतरत होत्या. "बाई, हिला काही बोलू नका," म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा हिने सरकारच्या बाजूने मत दिलंय." दंडबिंड काही झाला नाही, नुसती समज दिली. "होयचे बहुमत" हे शब्द आम्हाला ऐकायला मिळालेच नाहीत. बाहेर झाडाखाली उभ्या राहून वन्संनीच ते मला म्हणून दाखवले.

इमारतीत पेढे वाटले गेले. वन्संनी आपला पेढा फ्रिजमध्ये ठेवून दिला. अजून वरचं सभागृह आहे, मग राज्यपालांची सही आहे, अर्धवट विधेयकाचा पेढा मी खात नसते, असं त्यांचं म्हणणं. विधान परिषदेत मंजूर झालं, सही झाली, तेव्हा तो वाळून खडा झाला होता. तो त्यांनी चहात बुडवून खाल्ला आणि माझ्यादेखत कागदावर सही करून मला आपली व्यक्ती नेमून टाकलं. मग एकदम विचारलं, "माझ्या वेळेला तू आहेस. तुझ्या वेळेला कोण गं?" मी कपबशी उचलली. मी म्हटलं, "हा विषय राखून ठेवण्यात येत आहे." त्या हसल्या नाहीत.

त्यांची वेळ या अधिवेशनात आली. छातीत पाणी झालं, त्याच रुग्णालयात नेलं, तोच बाक. आतून डॉक्टर आले, "पेशंटचं कोण आहे?" मी उठले. "मी. त्यांनी नेमलेली. हा कागद." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खुर्ची दिली, समोर बसून सगळं नीट समजावलं. यंत्रावर ठेवलं तर काही दिवस निघतील, पण शुद्धीत नसतील. वन्संना काय हवं ते मला माहीत होतं, आणि ते बोलायचा हक्क आता माझा होता. मी म्हटलं, यंत्र नको, मी त्यांना घरी नेते. कुणीही इंदूरला फोन लावायला सांगितला नाही. लावला तो मीच, आपुलकीने, आणि दीर वेळेत येऊन बहिणीला भेटले. शेवटच्या सकाळी वन्संनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, प्रश्नोत्तराचा तास. "आवाज वाढव," म्हणाल्या. वाढवला. त्या आवाजात, आपल्या पलंगावर, माझ्या हातात हात ठेवून त्या गेल्या. मग मी टीव्ही बंद केला.

परवा हंसाबेन आल्या आणि पहिल्यांदाच त्या वेताच्या खुर्चीत बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा. आणि मनाचा हिय्या करून राखून ठेवलेला विषय काढला. हिंदीत सगळं सांगितलं, की माझं कोणी नाही, कायद्याने आता कुणालाही नेमता येतं, तुम्ही व्हाल का माझी? मग हिंदी संपली, आणि सवयीने तोंडातून निघालं, "या प्रस्तावाला जे अनुकूल असतील त्यांनी..."

पुढचं मला म्हणूच दिलं नाही त्यांनी. वन्संच्या खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "होय!"

प्रतिकूल कोण, हे मी नियमाप्रमाणे विचारलं. घर गप्प होतं. मग मी निकाल सांगितला... होयचे बहुमत, होयचे बहुमत.