बेसा रोडवरची दुपारची बॅच

माझ्या जीवशास्त्राच्या वहीत अभ्यास किती आणि किस्से किती, हे कोणी मोजू नये. पहिल्या पानावर पेशीची छान आकृती आहे आणि तिच्या बाजूला समासात, त्या दिवशी कल्पना काय बोलली ते बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. पुढे पुढे आकृत्या लहान होत गेल्या आणि समास रुंद! आता घरी कोणी आलं की मी चहा टाकते आणि वही काढते. अभ्यासाचं कोणी विचारत नाही, समासातलंच वाचायला सांगतात.

आम्ही तिघी. मी माधुरी, वय सदतीस, राहणार बेसा. कल्पना माझ्याच गल्लीतली, तेहेतीसची, दोन लेकरांची आई. आणि रजनीताई, एक्केचाळीसच्या, रोज उमरेडहून एसटीने यायच्या. तिघींनाही नर्स व्हायचं होतं. बारावी सायन्स होऊन इतकी वर्षं झाली होती, की मार्कशीट उलगडताना घडीवर फाटेल अशी भीती वाटायची. प्रवेश परीक्षेच्या माहितीत कमीत कमी वय किती हवं ते लिहिलं होतं. जास्तीत जास्त किती, ते कुठेच नव्हतं. त्या मोकळ्या जागेवर विश्वास ठेवून आम्ही फॉर्म भरले.

माझ्या घरी हे मिहानमधल्या कारखान्यात शिफ्टला जातात. त्यांनी एका वाक्यात हो म्हटलं. पोरगी ईशा अकरावीत, ती तर नाचलीच. प्रश्न सासूबाईंचा होता. अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बॅगेत नर्सिंगचा भरलेला फॉर्म होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "सुनेनं घर पाहावं." फॉर्म बॅगेतच राहिला. पहिली दोन-तीन वर्षं मी न्हाणीत नळ सोडून रडायची, हेही सांगून टाकते.

आता चार वर्षं कॉलेज म्हणजे घर त्यांच्याच भरवशावर. त्या हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. शेजारीण विचारायची, "सून कुठं जाते वं रोज दुपारची?"

"क्लासले."

"कायच्या?"

"मले का माहीत!"

त्यांनी हो म्हटल्याशिवाय अ‍ॅडमिशन घ्यायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांना मात्र ते सांगायची हिंमत नव्हती.

* * *

क्लास किराणा दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. सर पंचवीसचे, आम्हाला 'ताई' म्हणायचे आणि फळ्याकडे बघूनच बोलायचे. सकाळच्या बॅचला पोरापोरींची ही गर्दी. दुपारी दोनला आम्ही तिघी आणि कूलर. एप्रिल महिना. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास. खिडकीला हिरवी जाळी लावलेली, त्यामुळे सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. फळ्यावरचं समीकरणसुद्धा त्या उजेडात जरा मवाळ वाटायचं.

एकदा सर कसलंसं शिबिर करून आले. म्हणाले, "आज अभ्यास नाही. पाच मिनिटं डोळे मिटा आणि पाच वर्षांनी तुम्ही कुठे आहात ते मनात बघा."

पहाटे साडेचारला उठलेल्या तीन बायकांना कोणी असं सांगतं का!

मला एक लांब व्हरांडा दिसला. एका बाजूला उंच खिडक्या, फरशीवर उन्हाचे चौकोन, आणि मी चाललेय. घाई नाही, कुकर नाही, कोणी हाक मारत नाही. पुढच्या दारातून कोणीतरी म्हणतंय, "सिस्टर आल्या." मी मागे वळून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं. सिस्टर मीच होते.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. सर मोबाइल सायलेंटवर टाकून खुर्चीत गप्प बसले होते. आम्हाला उठवायला बिचाऱ्यांचं मन झालं नसावं.

"कोणाला काय दिसलं?" त्यांनी हळूच विचारलं.

कल्पना डोळे चोळत म्हणाली, "वॉर्ड दिसला, सर. लंबा. सारे बेड खाली होते, पेशंटच नाही."

"अरे वा! मग?"

"मंग का, एकावर मी झोपली!"

* * *

रजनीताईंना मनात वाचलं की झोप लागते. म्हणून त्या एसटीत मोठ्याने वाचायच्या. पहिल्या दिवशी लोकांनी वळून वळून पाहिलं. चौथ्या दिवशी कंडक्टरने पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं आणि तिकिटं फाडून झाली की प्रश्न विचारायला लागला. "सांगा ताई, फुप्फुसातून शुद्ध रक्त कुठं येते?" ताई उत्तर द्यायच्या, चुकलं की अख्खी बस "च्च" करायची.

महिन्याभरात उमरेडच्या त्या गाडीतल्या सगळ्यांचं हृदय पाठ झालं. भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका झडपांची नावं घ्यायला लागल्या. एक म्हातारबुवा रोज पुढच्या सीटवर बसायचे आणि कान देऊन ऐकायचे. एक दिवस त्यांनी ताईंना थांबवलं.

"कप्पे म्हंजे का वं बाई?"

"खोल्याच समजा ना, बुवा. हृदयाले चार खोल्या असतात."

"आन राहते कोण तिथं?"

"कोणी नाही. रक्त येते आन जाते."

बुवांना ते काही पटलं नाही. बोटांवर मोजत म्हणाले, "आमच्या घरी दोनच खोल्या हायत. आठ जन राहतो!"

* * *

सरांनी पहिली सराव परीक्षा घेतली. त्यात एक प्रश्न होता: रुग्ण वेदनेने रडत आहे, परिचारिका म्हणून तुम्ही सर्वप्रथम काय कराल? खाली ए, बी, सी, डी. डॉक्टरांना बोलवाल, नाडी तपासाल, औषध द्याल, नातेवाइकांना बाहेर काढाल, असे चार पर्याय.

पेपर तपासताना सर डोकं धरून बसले. आम्ही तिघींनी एकमेकींचं न बघता एकच उद्योग केला होता. चारही गोल कोरे सोडून खाली पाचवा गोल काढला होता, त्याला 'ई' नाव देऊन तो काळा केला होता! माझ्या ई पुढे होतं, 'पाणी देईन'. कल्पनाच्या ई पुढे, 'जवळ बसून काय झालं ते विचारीन'. रजनीताईंनी लिहिलं होतं, 'जेवली का ते विचारीन'.

"ताई, ई नसतोच!" सर कळवळून म्हणाले. "कम्प्युटरवर परीक्षा आहे. तिथे कुठे गोल काढाल?"

रजनीताई शांतपणे म्हणाल्या, "मंग कम्प्युटरमंदी चूक हाय, सर. पेशंट रडून राहिली, आन तुम्ही नाडी धरता?"

सरांनी आम्हाला पंधरा मिनिटं ओरडून समजावलं, ई काढणारीला शून्य मिळेल म्हणाले. आम्ही मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात सर आले ते तापाने फणफणलेले. तरी खडू घेऊन उभे राहिले. कल्पनाने खुर्ची ओढली, मी बाटली पुढे केली, रजनीताईंनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "जेवले का?"

सरांनी बाटली तोंडाला लावली, अर्धी रिकामी केली आणि डोळे मिटून म्हणाले, "ई."

* * *

माझं आणि ईशाचं फिजिक्सचं पुस्तक एकच. सकाळी ती शाळेत नेणार, दुपारी मी क्लासला. संध्याकाळी दोघी ओट्याजवळ. मी पोळ्या लाटायची, ती प्रश्न विचारायची. आयांना पोरींना रागवायची किती सवय असते, आणि पोरींना ती संधी मिळाली की त्या काय करतात, हे मला त्या वर्षी कळलं. "आई, लक्ष कुठे आहे तुझं? हे सूत्र तिसऱ्यांदा सांगतेय मी!" पुढच्या खोलीत सासूबाई टीव्ही बघत असायच्या. आमचा आवाज वाढला की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. त्या ऐकायच्या, की त्यांना चिडायला कारण हवं होतं, हे मला ओळखता येत नसे.

एका संध्याकाळी ईशा झोपून गेली आणि तिचे सोडवायचे राहिलेले प्रश्न समोर पडले होते. सराव म्हणून मीच सोडवले. तिच्याच वहीत!

आठ दिवसांनी शाळेतून बोलावणं. मॅडमनी वही पुढे ठेवली. "हे अक्षर तुमच्या मुलीचं नाही."

मी मान खाली घातली. "माझं आहे, मॅडम. मी नर्सिंगच्या परीक्षेला बसतेय. राहवलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं, पुन्हा लावला. मला वाटलं, आता पोरीच्या वाट्याचं ऐकावं लागणार.

"बसा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात एकक चुकलंय."

आणि मला अर्धा तास शिकवलं.

* * *

कल्पनाने परीक्षेच्या आधीच सीताबर्डीच्या बाजारातून पांढरे बूट आणले. नर्सेस घालतात तसे. आम्ही म्हटलं, "अवं, आधी परीक्षा तर देऊ दे!" ती म्हणाली, "सवय पाहिजे का नाही पायाले?" रोज सांजच्याला, नवरा कामावरून यायच्या आधी, ती बूट घालून गच्चीवर फेऱ्या मारायची. मी माझ्या खिडकीतून बघायची. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून ती अशी सावकाश चालायची, एका चादरीपाशी थांबायची, जरा वाकायची, पुढच्या चादरीकडे जायची. मला तिथे चादरी दिसतच नव्हत्या, खाटा दिसायच्या.

निकाल लागला. रजनीताईंचं जमलं. माझं जमलं. कल्पनाचं थोडक्यात राहिलं.

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. रजनीताई तर दारातच रडायला लागल्या. कल्पनानेच त्यांना पाणी दिलं, जवळ बसवलं, जेवल्या का विचारलं. मग बुटांची जोडी आणून आम्हाला तळवे दाखवले.

"पाहा, काही घासले नाही," ती म्हणाली. "आनखी एक साल चालतात."

* * *

शहरातल्याच एका कॉलेजात माझा नंबर लागला. कागदपत्रं तपासायचा दिवस आला. यांची फर्स्ट शिफ्ट. सासूबाईंचा हो अजून आलेला नव्हता. मी स्वतःशीच म्हटलं, कागद तर दाखवून येऊ, पुढचं पुढे. फाइल घेऊन निघाले तर सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभ्या!

"मी येतो."

"कशाला आई, ऊन किती आहे."

"कॉलेज कसं हाय थे पाहून येतो."

ऑटोत मी फाइल छातीशी धरून बसले होते. ही बाई तिथे ऑफिसात सगळ्यांसमोर नाही म्हणाली तर काय करायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला ते कॉलेज इतकं हवं होतं, की त्यांच्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

हॉलमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या पोरी, प्रत्येकीसोबत आई नाहीतर बाप. क्लार्कबाईंनी माझे कागद एकेक करून शिक्के मारले आणि शेवटचा कागद पुढे सरकवला. "इथे पालकाची सही."

"मॅडम, मी सदतीस वर्षांची आहे."

"असाल. रकाना रिकामा ठेवता येत नाही. रॅगिंगविरोधी हमीपत्र आहे. एक सही विद्यार्थिनीची, एक पालकाची."

मी यांना फोन लावला. शिफ्टमध्ये फोन लॉकरला असतो, हे लावल्यावर आठवलं. तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या.

"कायची सही हाय, बाई?"

क्लार्कबाई स्वभावाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, इथे नवीन मुली येतात ना, घर सोडून, घाबरलेल्या. मग आधीपासून असलेल्या त्यांना उगाच कामं सांगतात, टोमणे मारतात, चारचौघांत रडवतात. आपण तसं करणार नाही, असं लिहून द्यायचं असतं."

सासूबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचला. मागे रांग थांबली. मला वाटलं, झालं.

मग त्यांनी मान वर केली आणि क्लार्कबाईंना विचारलं, "हे सासूकडून नाही का लिहून घेत, लग्नात?"

क्लार्कबाई हसल्या. रांगेतल्या दोन-तीन आयाही हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'सासू' लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"कर वं आता तुही सही," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं झाले. आनखी किती थांबशीन?"