विश्रांतीच्या दिवसाचा वाद

लग्न होऊन मी मुलुंडला आले, तेव्हा त्या घरात सून सासऱ्यांशी कामापुरतंच बोलायची. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई आपल्या सासऱ्यांशी तशाच वागल्या होत्या, त्यामुळे मीही ते धरून चालले. "चहा ठेवलाय", "पेपर आलाय", एवढंच.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मालवणकडचे. ज्या कापडगिरणीत होते ती बंद पडल्यावर ते भांडुपच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रोज संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधले काका त्यांच्याकडे यायचे. काका मूळचे अकोल्याकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. दारातूनच "जय भीम" म्हणायचे, बाबा "जय भीम, या" म्हणून खुर्ची पुढे सरकवायचे, आणि मग जेवणवेळेपर्यंत क्रिकेट. कुठला खेळाडू चांगला यावर ते फारसे बोलत नसत. नियम काय असावेत, सामने कधी ठेवावेत, वाळवंटात एवढे एकदिवसीय सामने खेळून आपल्या लोकांचं काय भलं होणार, यावर त्यांचं भांडण. जणू सगळ्या जगाचं क्रिकेट आमच्या गॅलरीतूनच चालत होतं.

मी आतून ऐकायची आणि जीभ चावायची. कारण माझे वडील पंच होते. मोठे कुणी नाहीत, मैदानावरच्या क्लबांच्या सामन्यांना उभे राहणारे. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी पांढरा कोट. त्यांनी पंचांची परीक्षा दिली तेव्हा अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत नियमांचं पुस्तक माझ्या हातात असायचं. मी प्रश्न विचारायची, ते उत्तर द्यायचे, चुकले की मी सांगायची. माझ्या लग्नाआधीच ते गेले, आणि त्यानंतर माझ्याशी क्रिकेटवर कुणी बोललंच नाही.

शहाऐंशीच्या थंडीत एक कसोटी चालू होती. त्या काळी कसोटीत मध्ये एक विश्रांतीचा दिवस असायचा. तो नेमका आला होता, रेडिओ बंद होता, म्हणून दोघांना वाद घालायला पूर्ण संध्याकाळ मोकळी.

"हा दिवस काढून टाका," काका म्हणत होते. "पाच दिवसांच्या खेळाला सहा दिवस कशाला? रंगात आलेला सामना थंड होतो."

"थंड होऊ दे. माणसं आहेत ती," बाबा म्हणाले. "पाय सुजतात गोलंदाजांचे."

मी चहाचे कप उचलायला गेले होते. तोंडातून कसं निघालं, मला आजही कळत नाही. "पण सुजलेले पाय हा सामन्याचाच भाग आहे ना? दोन दिवस टिकून ज्यांनी त्यांना दमवलं, त्यांची कमाई एका रजेत जाते. सुट्टीचा फायदा दोघांना सारखा होत नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

बाबा घरात मालवणीच बोलायचे, पण माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. "तुका ह्यां कोणी शिकवल्यान?"

"वडिलांनी. पंच होते ते."

"मगे उभी कित्या? हय येवन बस."

मी कप खाली ठेवले आणि वेताच्या मोड्यावर बसले. काका लगेच म्हणाले, "बघा, मी काय सांगत होतो!" बाबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला विचारलं, "आणि पाऊस पडलो तर? तेव्हा फायदो कोणाक?" त्या संध्याकाळी भाकऱ्या सासूबाईंनीच केल्या. त्या रागावल्या होत्या, पण मला हाक मारली नाही.

त्यानंतर जेवायला एक माणूस वाढावा इतक्या सहजपणे मला त्या वादात जागा मिळाली. पुढच्या वर्षी विश्वचषक आपल्याकडे व्हायचा होता आणि साठ षटकांची पन्नास होणार म्हणून काका चिडले होते. मी म्हटलं, "काका, इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात रात्री जेवायच्या वेळेलाही उजेड असतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास सहाला अंधारतं. दोन्ही डावांची एकशेवीस षटकं बसवणार कुठे?" काका म्हणाले, "हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?" बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की बाबा माझी ओळख करून द्यायला लागले, "ही आमची सून. पंचाचां चेडू." पंचाची मुलगी, असं वडील गेल्यावर मला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

गणपतीत सोसायटीनं परिसंवाद ठेवला. विषय बाबांनीच सुचवला होता, कसोटीतला विश्रांतीचा दिवस हवा की नको. हवा म्हणणारे बाबा. विरुद्ध बाजूला त्यांनी परस्पर माझं नाव दिलं.

"नको असेल तर सांग," नवरा मला म्हणाला. "मी बाबांना समजावतो."

"बोलेन मी."

सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. सुनेनं सासऱ्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे काय? बाबा शांतपणे म्हणाले, "क्रिकेटात मी तिचो सासरो नाय."

मांडव भरला होता. बाबा म्हणाले, गिरणीत कापड विणणारा साचासुद्धा आठवड्यातून एकदा थांबवतात, माणूस काय साच्याहून मजबूत आहे? मी माझं म्हणणं मांडलं. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा बायकांच्या रांगेतून सासूबाई उठल्या. त्यांना माइक नको होता.

"खेळणाऱ्यांका इश्रांती होयी, बरां आसा. पण ह्या घरात माका खंयच्या दिवशी इश्रांती?"

सगळा मांडव हसला. बाबा मात्र हसले नाहीत. मग हात वर करून मतं घेतली गेली, आणि बायकांच्या झाडून सगळ्या हातांनी विश्रांतीचा दिवस राखला. मी हरले, आणि हरताना मलाही हसू आवरत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा स्वतः बाजारात गेले, बांगडे घेऊन आले आणि विळीवर साफ करायला बसले. "आज तू काय करू नको," त्यांनी सासूबाईंना सांगितलं. भात नवऱ्यानं लावला आणि तो खाली लागला. सासूबाईंना पहिल्या रविवारी बसवेना, त्या चार वेळा आत डोकावून गेल्या. दुसऱ्या रविवारी त्या बहिणीकडे निघून गेल्या आणि दिवेलागणीला आल्या. येताना माझ्यासाठी अबोलीचा गजरा आणला होता. "बरां बोललंस त्या दिवशी," एवढंच म्हणाल्या.

काही वर्षांनी कसोटीतला तो दिवस खरंच हळूहळू गेला. तेव्हा बाबा म्हणाले, "जिंकलंस तू," आणि पुन्हा सगळा वाद पहिल्यापासून सुरू केला. ते असेपर्यंत आम्ही दोघांनी आपापली बाजू सोडली नाही.

मी पुढे शाळेत नोकरी केली. तिथल्या बैठकांत वरिष्ठांना न पटणारं मत मी बसल्या जागेवरून सरळ मांडायची. सहकारी विचारायच्या, तुला भीती कशी वाटत नाही? मी त्यांना बाबांबद्दल सांगायची. सून आपल्याशी भांडते याचा ज्याला अभिमान वाटायचा, अशा माणसाच्या घरी मी पडले, हे माझं नशीब.