हिराआक्कांनी सोडलेली पहिली ओळ

हिराआक्का कोणतं गाणं म्हणणार हे आधी कधी सांगत नसत. एसटी वेळेवर येत नाही म्हणून कंडक्टरच्या नावानं बोटं मोडत असत आणि त्याच दमात गाणं सुरू होई. त्यांच्या गायन मंडळातल्या बायकांची धांदल उडे. कुणाला खंजिरी सापडत नसे, कुणी पदर सावरत असे. तरी दुसऱ्या ओळीपर्यंत सगळ्या आक्कांच्या मागून गाऊ लागलेल्या असत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा, निदान सुरुवात करण्याआधी मला खूण करा, असं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "गाणं इचारून येत न्हाई, म्याडम. आलं की धरायचं."

शाळेबाहेर माणसं गाणं कशी शिकतात, याचा मी तेव्हा अभ्यास करत होते. भोर आणि वेल्ह्याकडच्या गावांतून हिंडायचं, जिथं चार माणसं मिळून गातात तिथं जाऊन बसायचं, हे माझं काम. आंबवड्याजवळच्या एका बौद्ध वस्तीवर हिराआक्कांचं बायकांचं गायन मंडळ होतं. जयंती असो, पौर्णिमा असो, बारसं असो की मयत, मंडळ हजर. विहारातल्या सतरंजीवर आक्कांची जागा भिंतीला टेकून ठरलेली, आणि शेजारी त्यांची लेक सुजाता.

मंडळात कुणालाही नाही म्हणायचं नाही, असा आक्कांचा खाक्या होता. वस्तीतली एक सून तर इतकी बेसूर, की ती जवळ बसली की मी हळूच जागा बदले. आक्कांना त्याचं काही नव्हतं. "नरड्याचं काय घिऊन बसलाय? आली न्हवं बसाया? मागनं या, पर या," असं त्या म्हणत. हे वाक्य मी माझ्या प्रबंधात घातलं आणि त्यांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी मला आधी चहा प्यायला लावला, कारण तो निवत चालला होता.

नवरा वारल्यापासून सुजाता माहेरीच राहत होती. नसरापूरला एका दुकानात कामाला जायची आणि संध्याकाळी आईच्या जोडीनं गायची. तिला कावीळ झाली. तिनं ती अंगावर काढली, आणि पुण्याला हलवेपर्यंत फार उशीर झाला होता.

त्या वस्तीवर एक रीत आहे. ज्या घरात दुःख झालं, त्या घरानं पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना होते त्या दिवशी गायचं नाही. त्यांनी नुसतं ऐकायचं, त्यांच्यासाठी मंडळानं गायचं. सुजाताच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. बायका सतरंजीवर बसल्या आणि समोर पांढऱ्या लुगड्यात आक्का. सगळे वाट बघू लागले. गाणं कुणी उचलेना. मंडळातल्या जुन्या सुनंदाबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गाणी सगळ्यांना पाठ होती, पण पहिली ओळ त्यांतल्या एकीनंही कधी म्हटली नव्हती. इतकी वर्षं ती आक्कांचीच होती. ढोलकीवाला मान खाली घालून बसला.

शेवटी आक्कांनीच उचललं. पोटच्या पोरीच्या फोटोसमोर पहिली ओळ त्या एकट्या गायल्या आणि मग बायका नेहमीसारख्या मागून आल्या. मी रेकॉर्डर बंद केला. ते ऐकणं मला सोसलं नाही.

पुढं काही दिवसांनी आक्कांनी सगळ्यांना विहारात बोलावलं. "म्या तुमास्नी मागं यायला शिकवलं. फुडं व्हायला शिकवलंच न्हाई. चूक माजी हाय," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीसाठी गाणं उचलाया कुणी न्हवतं. हितनं फुडं कुणाच्या घरी असं व्हायला नगं."

त्या दिवसापासून त्यांनी भिंतीची जागा सोडली. दाराशी बसायच्या, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. रोज वेगळ्या बाईनं सुरुवात करायची. सुनंदाबाईंनी इतक्या वरच्या पट्टीत धरलं, की कडव्याला पोचेपर्यंत सगळ्यांना धाप लागली. आक्का म्हणाल्या, "लई वर धरलंस. उद्या खाली धर. पर धर." पुन्हा त्यांची बोटं तांदळात. ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. त्यांना तसं गप्प बसलेलं मला बघवत नसे.

एकदा बायका पांगल्यावर मी म्हणाले, "आक्का, आता कुणी नाही. माझ्यासाठी एक म्हणा की."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्या उचललं, की ह्या पुन्ना सोडतील. आणि खरं सांगू का बाई, शेजारी पोरगी न्हाई, तर माजं मलाच ऐकू येत न्हाई."

त्यानंतर मी त्यांना कधी आग्रह केला नाही, आणि त्या शेवटपर्यंत गायल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी पुण्याहून पोचले तेव्हा विहार भरलेला होता. वंदना सुरू असताना सुजाताच्या वेळचा प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. वंदना संपली आणि सुनंदाबाईंनी लगेच गाणं उचललं. खाली, नेमक्या पट्टीत. बायका मिळाल्या. पुढचं गाणं त्या बेसूर सुनेनं धरलं, तिच्या मागूनही सगळ्या आल्या. आक्कांनी ज्यासाठी आपलं गाणं सोडलं होतं, ते अगदी त्यांच्या मनासारखं झालं. मला समाधान वाटायला हवं होतं. मला मात्र रडू आवरत नव्हतं, आणि एकच वाटत राहिलं, की आक्कांवाचून ते गाणं क्षणभर तरी अडायला हवं होतं.